काय बघतोस? एका जुन्या जर्मन कॉमेडी शोवरून वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई नमस्कार. मी मूळची पुण्याची, गेली १३ वर्षं आम्ही श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात राहतो. मुलगा ११ वर्षांचा, इथेच जन्मला, फुटबॉलचं भयंकर वेड. तर झालं असं की त्याचे ट्रेनर, पन्नाशीच्या आसपासचे, माणूस म्हणून खरंच चांगले, ते त्याला हल्ली 'रणजीद' म्हणायला लागलेत. प्रेमाने म्हणतात, बाकीची पोरं हसतात. त्याने घरी येऊन विचारलं, आई रणजीद कोण? आम्हाला पण माहीत नव्हतं. मग शोधलं तेव्हा कळलं की काया यानार नावाच्या कॉमेडियनचा 'वास गुक्स्ट डू' नावाचा शो होता, त्यातलं हे भारतीय पात्र, त्याच्यासोबत एक गाय. तिघांनी बसून जुन्या क्लिप्स बघितल्या. तो हकान नावाचा बाउन्सर आला तेव्हा नवरा डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसला, मी पण हसले. मग रणजीद आला आणि खोलीत सगळे गप्प. मुलगा उठून आत निघून गेला. आता घरात दोन पार्ट्या पडल्यात. नवऱ्याचं म्हणणं, जुना शो आहे, काळ वेगळा होता, सोडून दे. मला ते पटत नाही पण मी फारच मनाला लावून घेतेय का असंही वाटतं. हा शो आजही बघण्यासारखा आहे की नाही, तुम्हीच सांगा. आणि ट्रेनरशी बोलू की नको?
— एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : तुमच्या नवऱ्याचं हसणं आणि पोराचं उठून जाणं, मला दोन्ही बरोबर वाटतं. एकाच शोमध्ये दोन्ही गोष्टी आहेत, आणि दोन्ही एकाच माणसाने केल्यात, म्हणून तर गोंधळ होतो.

आधी थोडं मागचं सांगते कारण त्याशिवाय हे नीट कळणार नाही. 'वास गुक्स्ट डू' म्हणजे 'काय बघतोस?' आपल्याकडे नाक्यावर कोणी कोणाला 'ए, काय बघतो रे?' म्हणतो ना, डिट्टो तसंच, भांडण सुरू व्हायच्या आधीचं वाक्य. रस्त्यावरच्या तुर्की पोरांच्या तोंडी हे वाक्य असतं अशी तेव्हाच्या जर्मन माणसाची समजूत, आणि काया यानारने तेच उचलून शोला नाव दिलं. सॅट १ (Sat.1) या खासगी चॅनेलवर २००१ ते २००५ हा शो चालला, पहिल्याच वर्षी जर्मन टेलिव्हिजनचा मोठा पुरस्कार पण मिळाला त्याला. स्वरूप साधं होतं, यानार प्रेक्षकांसमोर उभा राहून बोलायचा, स्टँडअपच, आणि मधे मधे स्केचेस, त्यात तो स्वतःच वेगवेगळी पात्रं करायचा. तुर्की बाउन्सर हकान, इटालियन फ्रान्चेस्को, भारतीय रणजीद आणि त्याची गाय बेनिता.

आता २००१ म्हणजे काय होतं ते बघा. तुर्कस्तानातून कामगार आणायचा करार १९६१ चा. म्हणजे चाळीस वर्षं ही माणसं तिथे राहत होती, कारखान्यात राबत होती, त्यांची पोरं तिथेच जन्मून मोठी झालेली, तरी कागदावर परदेशीच. परदेशी आईबापांच्या पोटी जर्मनीत जन्मलेल्या मुलाला काही अटींवर जन्मानेच नागरिकत्व, हा कायदा लागू झाला १ जानेवारी २००० ला. त्याच्या आधी १९९२ ला म्योल्नला आणि १९९३ ला झोलिंगनला तुर्की कुटुंबांची घरं पेटवून दिली होती, त्यात बायका आणि लहान मुली गेल्या. हे सगळं ज्यांच्या घरात रोज बोललं जात होतं त्या लोकांना २००१ मध्ये टीव्ही लावल्यावर कोण दिसला, तर फ्रँकफर्टला जन्मलेला, तुर्की-अरबी मुळांच्या घरातला मुलगा, एका मोठ्या चॅनेलवर, शोचा मालक असल्यासारखा उभा, आणि समोर जर्मन पब्लिक टाळ्या वाजवतंय. ही गोष्ट छोटी नव्हती.

आणि एक गोष्ट आवर्जून सांगते. त्याच्या आधी 'परदेशी माणसाची जर्मन' बोलून दाखवणारे कॉमेडियन होतेच, चिक्कार गाजलेले. एर्कान आणि श्टेफान नावाची जोडी होती, मुंडश्टूल नावाची दुसरी जोडी होती, पण ती सगळी अस्सल जर्मन माणसं, तुर्की पोरांची भाषा लावून पैसे कमावणारी. यानारच्या बाबतीत ज्याच्यावर विनोद व्हायचा त्याच्याच हातात माइक आला. म्हणून तुर्की घरांमध्ये तो शो सहकुटुंब बघितला जायचा. मी हे ऐकीव सांगत नाहीये. मी २००३ मध्ये फ्रँकफर्टला बोकेनहाइममध्ये एका खोलीत भाड्याने राहायचे आणि खाली एक तुर्की भाजीवाल्यांचं दुकान होतं. त्यांची दोन पोरं संध्याकाळी दुकानाच्या दारात हात पसरून उभी राहायची आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हकानचं वाक्य ऐकवायची. बाप ओरडायचा आणि ओरडता ओरडता स्वतःच हसायचा.

ते वाक्य म्हणजे 'डू कॉम्स्ट हीअ नेट राइन', तू इथून आत जायचं नाही. आता ह्यात नवरा का हसला ते बघा, कारण ह्यातच सगळं आहे. जर्मनीतल्या डिस्कोच्या दारात काळ्या केसांच्या पोरांना 'आज फक्त ओळखीच्यांनाच प्रवेश' वगैरे सांगून परत पाठवायचे, हा त्या पिढीतल्या जवळजवळ प्रत्येकाचा अनुभव. भेदभावाविरुद्धचा कायदा आला २००६ ला, आणि त्यानंतर २०११ मध्ये तुमच्याच श्टुटगार्टच्या वरच्या कोर्टात अशीच एक केस लागली, रॉयटलिंगनच्या डिस्कोत कातडीच्या रंगामुळे आत न सोडलेल्या एका मुलाची, त्याला ९०० युरो भरपाई मिळाली. म्हणजे हा विनोद हवेतला नाही. आणि यानारने काय केलं, तर त्या दारात तुर्की माणूसच उभा केला. आता तो ठरवणार आत कोण जाणार. ज्याला आयुष्यभर दारातून हाकललं तोच दारवान. साधी उलटापालट पण काय नेमकी.

दुसरं म्हणजे त्या वाक्यातला 'नेट'. पुस्तकातली जर्मन 'निष्ट' म्हणते. 'नेट' म्हणतात हेसन भागातले, फ्रँकफर्टच्या आसपासचे लोक (तुमच्या श्वेबियन, म्हणजे श्टुटगार्टकडच्या, शेजाऱ्यांच्या तोंडीपण येतो तो). म्हणजे हकान तुर्की आहे पण त्याची बोली फ्रँकफर्टची आहे, असं समजा की बाहेरून आलेल्या घरातला पोरगा कोल्हापुरात वाढलाय आणि दारात उभा राहून 'हितनं आत जायाचं न्हाई' म्हणतोय. त्या एका शब्दाने तो माणूस तिथला होतो. त्याचा उच्चार ऐकून हसू येतं आणि त्याच हसण्यात कळतं की हा परका नाहीच, हा तर आपल्या गल्लीतला आहे. यानार विद्यापीठात काही काळ फोनेटिक्स म्हणजे उच्चारशास्त्र शिकलाय, त्याचा कान फार तयार आहे, आणि हकानमध्ये तो कान आणि जगलेलं आयुष्य एकत्र आलेत. म्हणून हकान मुरलाय लोणच्यासारखा. आज बघा, वीस वर्षांनी बघा, चालेल.

आता रणजीद.

इथे कान आहे पण आयुष्य नाही. फ्रँकफर्टच्या पोराला तुर्की, इटालियन, अरबी घरं आतून माहीत होती, जेवणाच्या टेबलावर कोण काय बोलतं, बाप कधी चिडतो, आई काय लपवते. भारतीय घर माहीत नव्हतं. मग जे दुरून दिसतं तेवढंच उचललं, उच्चार आणि गाय. रणजीदची जर्मन ही कुठल्याच गावची नाही, ना फ्रँकफर्टची ना म्युनिकची, ती इंग्लिशमधल्या 'इंडियन अॅक्सेंट'ची जर्मनवर घातलेली झूल आहे. त्या नावाचंच घ्या ना, शेवटी 'द'. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटचा 'ड' हा 'ट' सारखाच उच्चारतात त्यामुळे लिहिताना रणजीत की रणजीद हे त्यांना ऐकून कळणारच नाही, आणि कोणाला विचारून घ्यावं असं वाटलं नाही. मला ही बारीक गोष्ट फार बोलकी वाटते. एक जरी भारतीय माणूस त्या लिहिणाऱ्यांच्या खोलीत असता तर त्याने पहिल्या दिवशी सांगितलं असतं.

आणि खरं सांगायचं तर त्या खोलीत हसण्यासारखं कितीतरी मिळालं असतं. मराठी माणूस जर्मन शिकतो तेव्हाच बघा. आपल्याला तो-ती-ते आहे, त्यांना डेअ-डी-डास आहे, सगळ्यांना वाटतं अरे वा सोपं आहे, आणि मग गाडं अडतं कारण त्यांचा चंद्र 'तो' आणि सूर्य 'ती', मुलगी चक्क 'ते', आणि चमचा, काटा, सुरी या तिघांना तीन वेगळी लिंगं. माझ्या वर्गात एक काका होते, ते प्रत्येक शब्दाला आधी मराठी लिंग लावून बघायचे आणि चुकलं की जर्मन भाषेवर चिडायचे, अहो सुरी 'ते' कशी असेल म्हणून. हा विनोद आतला आहे, त्यात माणूस आहे. रणजीदमध्ये असा माणूस सापडत नाही, उच्चार काढून घेतला तर मागे कोणी उरत नाही.

तुम्ही विचाराल मग तेव्हा कोणाला खटकलं नाही का? तेव्हा जर्मनीत भारतीय माणूस भेटायचाच कुठे हो. ग्रीन कार्डची स्कीम आली ऑगस्ट २००० ला, कॉम्प्युटरवाली माणसं बाहेरून आणायची म्हणून, आणि त्याच वर्षी नॉर्थ-राइन वेस्टफालिया या राज्याच्या निवडणुकीत सीडीयू पक्षाचे युर्गेन र्‍युटगर्स यांच्या प्रचारातून 'किंडर श्टाट इंडर' ही घोषणा निघाली, म्हणजे भारतीयांऐवजी आपली मुलं. म्हणजे भारतीय माणूस जर्मनांच्या घरात शिरला तो आधी घोषणेतून, मग रणजीद म्हणून टीव्हीतून, आणि प्रत्यक्ष शेजारी म्हणून बऱ्याच उशिरा. शाहरुख खानचे सिनेमे जर्मनमध्ये डब होऊन आरटीएल २ वर लागायला लागले तेच मुळी २००४ च्या शेवटी. त्याच्या आधीच्या माणसाला भारत म्हटलं की गाय आणि कॉम्प्युटर याच्यापुढे काही सुचायचं नाही, आणि विनोद करणाऱ्यालाही सुचलं नाही. आज काय परिस्थिती आहे, जर्मनीत शिकायला आलेल्या परदेशी मुलांमध्ये २०२२-२३ पासून सगळ्यात जास्त भारतीय आहेत. शेजारी बदलला की जुना विनोद कसा लंगडा आहे ते आपोआप दिसायला लागतं.

मला पण तेव्हा खटकलं नव्हतं हे सांगायला हवं. त्या भाजीवाल्यांची पोरं मला बघून विचारायची, 'तुझी गाय कुठंय?' आणि मी हसायचे. मनापासून हसायचे. कारण त्याच दुकानात मला उधार कोथिंबीर मिळायची, आजारी पडले तेव्हा त्यांच्या आईने सूप वर पाठवलेलं, आणि ती पोरं स्वतःवर जेवढी हसत होती तेवढीच माझ्यावर. आम्ही सगळेच तिथे बाहेरचे होतो. तुमच्या मुलाचं तसं नाही. तो बाहेरचा नाहीये, तो तिथे जन्मलाय, त्याची बोली श्वेबियन असणार, तुमच्यापेक्षा भारी जर्मन बोलत असणार. त्याला 'रणजीद' म्हणणं म्हणजे जे त्याच्यात अजिबात नाही, ना तो उच्चार ना ती गाय, ते केवळ त्याच्या कातडीकडे बघून त्याला चिकटवणं. मी परदेशी होते म्हणून मला ते हसण्यावारी नेता आलं, तो परदेशी नाही म्हणून त्याला नेता येत नाही. त्याने उठून जाण्यात हेच होतं असं मला वाटतं, आणि ११ वर्षांच्या पोराला हे शब्दात सांगता येत नाही म्हणून तो उठून गेला.

काही जणांना इथे 'सिम्प्सन्स' या अमेरिकन कार्टूनमधला भारतीय दुकानदार अपू आठवेल. त्याचा आवाज काढणारे हँक अझेरिया गोरे अमेरिकन, कॉमेडियन हरी कोंडाबोलूने २०१७ मध्ये त्यावर डॉक्युमेंटरी केली, आणि २०२० मध्ये अझेरियांनी तो आवाज सोडला. अमेरिकेत वाढलेली भारतीय पोरं सांगत होती की शाळेत आम्हाला अपू म्हणून चिडवायचे. डिट्टो तुमच्या घरचं. फरक इतकाच की यानार स्वतः त्या चिडवण्यातून गेलेला माणूस, म्हणून त्याच्यावर रागवायला मला जड जातं, पण ज्याला दुखलंय त्याच्याकडून दुसऱ्याला दुखू नये अशी अपेक्षा जास्तच असते ना.

आणि आपल्याकडे हे होत नाही असं कोणी म्हणू नये. गॅदरिंगमधला मद्रासी, चाळीच्या नाटकातला गुजराती शेठ, दूधवाला भय्या, आपण पण हेच हसत मोठे झालो. पडोसनमधला मेहमूद १९६८ चा, आजही आपण लावतो. त्यात पण हेच बघायचं, की ते पात्र कुठलं आहे हे लिहिणाऱ्याला माहीत होतं का, की नुसता उच्चार होता.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर, शो म्हणून बघाल तर यानार जिथे स्वतः उभा राहून घराबद्दल, बापाबद्दल, फ्रँकफर्टबद्दल बोलतो तो भाग आणि हकान, हे आजही ताजं आहे. भाषेचे विनोद मात्र थोडे फिके वाटतील, त्याचं कारण गमतीशीर आहे, की तेव्हा जी 'चुकीची' जर्मन ऐकून लोक हसायचे, आर्टिकल खाल्लेली, प्रेपोझिशन गाळलेली, ती आता शहरातली सगळीच पोरं बोलतात, अगदी आडनाव म्युलर असलेली सुद्धा. हाइके वीझं नावाच्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी २०१२ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, ही बिघडलेली जर्मन नसून जर्मनची नवी बोली आहे असं त्यांचं म्हणणं, आणि तेव्हा त्यावर वर्तमानपत्रात केवढा गदारोळ झाला. म्हणजे जो विनोद 'हे बघा हे कसं बोलतात' यावर होता त्यातला 'हे' आता राहिलाच नाही. आणि रणजीद नासलाय. तो मला आता बघवत नाही.

ट्रेनरशी बोला, नक्की बोला, पण पत्र-बित्र नको, ईमेल नको. प्रॅक्टिसनंतर बाजूला घेऊन सरळ सांगा की ह्याला त्याच्या नावाने हाक मारा, त्याला हे आवडत नाही. शोचा इतिहास सांगत बसू नका, तुम्ही काय म्हणताय ते त्यांना लगेच कळेल, त्या वयाच्या माणसाने तो शो तरुणपणी बघितलेला असणार आणि त्याच्या लेखी ती एक छान आठवण आहे. चांगला माणूस असेल तर लाजेल आणि थांबेल. नाही थांबला तर तो चांगला माणूस आहे ह्या तुमच्या मताचा पुन्हा विचार करा. आणि जाण्याआधी मुलाला विचारा की तू येतोस का, का मी एकटीच बोलू. त्याच्या पाठीमागे बोललात तर ते त्याला त्या नावापेक्षा जास्त लागेल.

मुलाला हकान परत दाखवा, ह्या वेळी दाराची गोष्ट सांगून. ती ९०० युरोची केस पण सांगा, त्याच्या घरापासून तासाभरावर घडलेली आहे.

प्रश्न : ताई, मी पुण्यात जर्मन शिकतेय, आमच्या सरांनी ओटो वाल्केसच्या जुन्या शोची क्लिप दाखवली, सुरुवातीला पाटी होती की यात भेदभाव करणारी भाषा आहे वगैरे. मला तर त्यात काहीच वाईट दिसलं नाही, उलट खूप हसले. इतक्या जुन्या विनोदांना अशा पाट्या लावणं जरा जास्तच होत नाही का?
— बी-टू ची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तू कुठली क्लिप बघितलीस त्यावर आहे सगळं. ओटो म्हणजे जर्मनीच्या वायव्य टोकाच्या एमडेन गावचा, जन्म १९४८, आणि त्याचा पहिला ओटो-शो टीव्हीवर आला १९७३ ला. तेव्हा जर्मन टीव्हीवर विनोद म्हणजे सूट घातलेले काका गंभीर चेहऱ्याने राजकारणावर बोलायचे, आणि हा पोरगा गिटार घेऊन स्टेजवर उड्या मारत आला. स्टँडअप हा शब्द जर्मनीत रुळायच्या किती आधी. त्याच्यामागे लिहिणारे तिघे होते, रॉबर्ट गेर्नहार्ट, बेर्न्ड आयलर्ट आणि पेटर क्नोर, त्यातले गेर्नहार्ट तर जर्मनीतले नावाजलेले कवी. म्हणून तो वेडेपणा वाटतो पण शब्द न् शब्द मोजून बसवलेला असतो.

त्याचं शरीराच्या अवयवांचं स्केच बघ, बघितलं नसशील तर. एका माणसाला राग येतोय आणि मोठा मेंदू एकेका अवयवाला ऑर्डर सोडतोय, मुठीला सांगतो आवळ, मग प्लीहा विचारते मी पण आवळू का. पन्नास वर्षं होत आली, जर्मन माणसाला मध्यरात्री उठवून विचारलंस तरी म्हणून दाखवेल. त्याला काही झालेलं नाही आणि होणार पण नाही, कारण त्यात कोणाचाच अपमान नाही, प्रत्येकाच्या पोटात प्लीहा असते.

पण त्याच शोजमध्ये काळ्या लोकांबद्दलचे शब्द आहेत, जे आता कोणी तोंडात घेत नाही, आणि घेऊ नयेत. डब्ल्यूडीआर या लोकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या चॅनेलने २०२३ मध्ये हे शो परत दाखवताना ती पाटी लावली, मजकूर साधारण असा की हा कार्यक्रम टीव्हीच्या इतिहासाचा भाग म्हणून मूळ स्वरूपात दाखवत आहोत आणि यात भेदभावाची भाषा आणि दृष्टिकोन असलेले भाग आहेत. नेमका त्याच उन्हाळ्यात ओटो ७५ वर्षांचा झाला त्यामुळे पेपरात खूप वादावादी झाली, काय तो अपमान म्हणून. मला तो अपमान वाटत नाही. कात्री लावली असती तर मी चिडले असते. त्यांनी एक फ्रेम कापली नाही, फक्त दारात एक वाक्य सांगितलं. तुला काही वाईट दिसलं नाही कारण तुझ्या क्लिपमध्ये ते नव्हतं आणि पाटी मात्र अख्ख्या एपिसोडची होती, एवढंच.

आणि त्याच वर्षीची दुसरी गोष्ट सांगते. ओटोचं १९९३ चं एक विडंबनगीत आहे, 'फ्रीझेनयुंग', मी फ्रीझियन (म्हणजे एमडेनकडचा) पोरगा अशा अर्थाचं, ते २०२३ मध्ये बर्लिनचा रॅपर स्की आगू आणि नेदरलँड्सचा योस्ट यांनी ओटोला सोबत घेऊन नव्याने केलं आणि जर्मनीत एक नंबरला गेलं. पाटी लावली ती पण त्याच उन्हाळ्यात आणि सतरा-अठरा वर्षांची पोरं त्याच्या गाण्यावर नाचली ती पण. तुझ्या सरांनी अवयवांचं स्केच वर्गात वाचायला द्यायला हवं, शरीराचे शब्द आणि आज्ञार्थ दोन्ही एकदम पाठ होतील.

प्रश्न : जर्मन ऐकायची सवय व्हावी म्हणून मारियो बार्थचे जुने शोज बघू का? यूट्यूबवर खूप सजेस्ट होतात.
— नाशिक

उत्तर : कान तयार करायला बघायला हरकत नाही, बर्लिनची बोली आहे, भरभर बोलतो, आणि सारखं 'केन्स्टे, केन्स्टे' म्हणतो म्हणजे 'माहितीये ना, माहितीये ना'. हा माणूस किती मोठा होता तर जुलै २००८ मध्ये बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये एकट्याच्या शोला जवळपास सत्तर हजार लोक जमवले, तेव्हाचा जागतिक विक्रम. पण विषय एकच, माझी गर्लफ्रेंड आणि तिची शॉपिंग आणि तिचे शूज, पुरुष असे आणि बायका तशा. मी दोन तास बघितलं आणि त्या गर्लफ्रेंडबद्दल मला एकही गोष्ट कळली नाही जी दुसऱ्या कुठल्याही बाईबद्दल सांगता आली नसती. अहो निदान तिला काय आवडतं ते तरी. तो शो आता जुना झाला असं पण मी म्हणणार नाही, माझ्या मते तो २००८ मध्येच जुना होता, स्टेडियम भरलं होतं म्हणून कळलं नाही.

तुमची लेव्हल बी-वनच्या आसपास असेल तर यानारपासून सुरू करा, उच्चार स्वच्छ आहे. रणजीद आला की पुढे ढकला.